कोंडवाड्यातली वाडी

वच्छलाबाई रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्यावर हसत होत्या. मोठ्यानं नाही, तोंडाला पदर लावून, शेजारणीकडे बघत. आम्ही सहा जण चंद्रपूरहून चिचटोल्याला गेलो होतो. गावाच्या उगवतीला जुना कोंडवाडा होता. मोकाट गुरं कोंडायची पद्धत बंद झाल्यापासून तो ओसच होता. अर्ध्या एकराच्या त्या जागेत आम्ही बांबूच्या तीन काठ्या बांधून एक उभा सांगाडा केला होता, त्याच्या मधोमध सुतळीला दगड लोंबत होता. हा सांगाडा जमिनीवरून पुढे पुढे सरकवत नेला की समपातळीची रेघ सापडते, त्या रेघेवर चर खणला की पाणी वाहून न जाता जिरतं, असं करिश्मा सगळ्यांना समजावून सांगत होती.

"एवढ्यासाठी काठ्या कायले पायजे जी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "बांधीत पानी सोडलं का थे सोताच सांगते, कुठी उंच अन् कुठी खोल."

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. त्यांचा जन्म बांधीतच गेलेला. तीस-पस्तीस पावसाळे त्यांनी दुसऱ्याच्या बांधीत वाकून रोवणा केला होता, म्हणजे धानाची रोपं लावली होती. करिश्मा अकोल्याला कृषीचं शिकलेली, सव्वीस वर्षांची मुलगी. तिनं खिशातून वही काढली आणि वच्छलाबाईंचं वाक्य लिहून घेतलं. त्या दिवशी आम्ही बोरिंगचं पाणी बादल्यांनी ओतून पाहिलं. सांगाड्यानं दाखवलेली रेघ आणि पाण्यानं दाखवलेली रेघ, दोन्हीत वीतभरसुद्धा फरक नव्हता.

"मंग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून खणायची टिकास उचलली.

मी संघपाल. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी फिटर आहे. सुटी रविवारी. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी करिश्माच्या संस्थेचा निरोप टाकला होता, श्रमदानासाठी माणसं हवीत म्हणून. एक रविवार जाऊन येऊ असं मनात होतं. त्याला आता पाच वर्षं झाली.

वाडीची कल्पना करिश्माची आहे असं संस्थेच्या कागदांवर लिहिलेलं असतं. खरी गोष्ट वेगळी आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात वच्छलाबाईंची थोरली जाऊ सोनीबाई वाघानं मारली. चौघी जणी वास्ते काढायला गेल्या होत्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी त्यांची भाजी होते. वच्छलाबाईही त्या चौघींत होत्या. बांबूच्या बेटापाशी सोनीबाई वाकलेली होती आणि पुढच्या क्षणी ती तिथं नव्हती. ओरडायलाही तिला वेळ मिळाला नाही. बाकीच्या तिघी आरडाओरडा करत राहिल्या, पण शरीर मिळालं ते दुपारनंतर, गावातली माणसं डबे वाजवत आत गेली तेव्हा.

पंधरा दिवसांनी गावात सभा झाली. वनखात्याचे साहेब आले, चांगले बोलले. एकटं जाऊ नका, वाकून काम करू नका, शक्यतो जंगलात जाऊच नका. सगळे माना डोलावत होते. तेव्हा मागून वच्छलाबाई उठल्या.

"नाई जात. मंग खाऊ काय थे सांगा."

पावसाळ्याचे चार महिने या गावातल्या भाजीचा बाजार म्हणजे जंगलच. करिश्मा त्या सभेत दुसऱ्याच कामासाठी आली होती, बियाण्यांची माहिती द्यायला. परतीची बस पकडण्याआधी ती वच्छलाबाईंना शोधत आली आणि म्हणाली, "बाई, जंगलातली भाजी गावाजवळ लावता आली तर?"

"लागते का थे?"

"लावून पाहू."

असं ते सुरू झालं. कोंडवाड्याची जागा ग्रामपंचायतीनं दिली. सरपंच गुणवंतराव म्हणाले होते, तशीही ती सापांनाच दिलेली आहे.

पहिलं वर्ष नुसतं खणण्यात गेलं. गुरांच्या खुरांनी जमीन इतकी आवळलेली होती की टिकास आपटली की हात झिणझिणायचे. पाच चर खणले. बोरिंगवर भांडी घासताना वाहून जाणारं पाणी नालीनं पहिल्या चरात आणलं. मोठा खड्डा करून त्यात गावातला ओला-सुका कचरा, शेण, पालापाचोळा भरला आणि खड्ड्याच्या काठावर गोलाकार केळी लावल्या. जमीन उघडी ठेवायची नाही असा करिश्माचा नियम होता, म्हणून धानाची तणीस म्हणजे पेंढा आणि पळसाची पानं अंथरली. कुणी या पद्धतीला पर्माकल्चर म्हणालं की वच्छलाबाई म्हणायच्या, "आमी वाडी म्हनतो."

रानभाज्या आणल्या इसरू मडावी यांनी. इसरूभाऊ गोंड, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे. कोणतं झाड कुणाच्या सावलीत जगतं हे त्यांना विचारावं लागत नसे, ते आपण होऊन रोप तिथं नेऊन लावायचे. कुड्याचं झाड कोपऱ्यात, कुंदरूचा वेल कुंपणावर, तरोटा आणि केना चरांच्या काठाला, धोपा म्हणजे अळू केळीच्या ओलाव्यात. रोप लावण्याआधी ते जमिनीला हात लावून काहीतरी पुटपुटत. वच्छलाबाई बौद्ध, त्या हात जोडत नसत, पण इसरूभाऊंचं होईपर्यंत रोप हातात धरून शांत उभ्या राहायच्या.

मग उन्हाळा आला आणि आमच्यातले स्वयंसेवक गळायला लागले. सहाचे चार झाले, चाराचे दोन. मी कुणाला दोष देत नाही. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूरहून मोटारसायकलनं तासभराहून जास्त जायचं, तिथं पाणी वाहायचं आणि परत यायचं, हे माणसाला एक-दोनदा जमतं. मी स्वतः तीन रविवार चुकवले. चौथ्या रविवारी गेलो तर बोरिंग बिघडलेलं होतं. वच्छलाबाई अर्धा किलोमीटरवरच्या विहिरीवरून डोक्यावर घडा आणि कमरेवर घडा घेऊन येत होत्या. दर खेपेचं पाणी दोन केळींना आणि एका पपईला. खेप ओतायची, परत जायचं. मी घडा घ्यायला गेलो तर दिला. म्हणजे त्या किती थकल्या असतील याचा अंदाज आला, कारण एरवी त्या देत नसत.

"किती दिवस झाले असे?" मी विचारलं.

"मोजले नाई."

"सोडून द्यायचं ना बाई. चार झाडं मेली तर मेली."

त्या चराच्या काठावर बसल्या. गुडघे दोन्ही हातांनी दाबत म्हणाल्या, "सोनीबाईच्या सुनेले मी सांगून ठेवलं हाय, का तू जंगलात जायचं नाई, पावसाळ्यात तुले इथूनच भाजी देतो. आता तिले काय म्हनू? झाडं मेले, जाय?"

सोनीबाईची सून म्हणजे अन्नपूर्णा. तिचा नवरा हैदराबादकडे बांधकामावर, घरी ती आणि दोन मुली. सासू गेल्यापासून ती वच्छलाबाईंच्या मागे मागे असायची आणि सासूला म्हणायची तसं त्यांनाही मामी म्हणायची. बाईंचा स्वतःचा नवरा धनराज गडचांदूरला गवंडीकाम करत होता आणि महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. वाडीत येऊन कुंपणापाशी विडी ओढत उभा राहायचा आणि म्हणायचा, "या बाईनं मले सोडून कोंडवाड्याशी लगन लावलं." बाई त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. पण गडचांदूरला परतताना त्याच्या पिशवीत भाजीची जुडी असायची.

त्या उन्हाळ्यात निम्मी झाडं मेली. निम्मी जगली.

दुसऱ्या वर्षी वाडीनं हात दिला. चरांमध्ये पाणी थांबायला लागलं, जमिनीला काळेपणा आला, टिकास मारायची गरजच उरली नाही, हातानं माती निघायची. श्रावणात भाजी इतकी झाली की वाटायची कशी हा प्रश्न पडला. बाईंनी साधा नियम केला, एक टोपलं कचरा आणायचा आणि एक जुडी भाजी न्यायची. ज्या बाया ‘कोंडवाड्यात कुठं भाजी होते’ म्हणत होत्या त्याच सकाळी सकाळी कचऱ्याची टोपली घेऊन उभ्या. तरोटा, केना, कुंदरू, बरबटीच्या शेंगा, भेदरं म्हणजे टोमॅटो. शेवग्याच्या, म्हणजे आमच्या मुंगन्याच्या, शेंगा तर हवेत लोंबलेल्या. सगळ्याच बायांचं जंगलात जाणं थांबलं असं मी म्हणणार नाही, पण त्या पावसाळ्यात अन्नपूर्णा एकदाही गेली नाही. तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या वर्षी लोक वाडी पाहायला येऊ लागले. करिश्मा पाहुण्यांना फिरवायची. वर मुंगना, पपई आणि तूर, त्याखाली केळी, त्याखाली वांगी आणि धोपा, जमिनीवर कोहळ्याचा वेल. आत शिरलं की ऊन लागत नसे. "हे आता बागेसारखं राहिलंच नाही, छोटं जंगल झालंय," ती आनंदानं सांगायची, आणि मीही मोबाइलवर फोटो काढून कंपनीतल्या पोरांना दाखवायचो.

एकदा इसरूभाऊ कुंपणाबाहेर उभे राहून बराच वेळ वाडीकडे बघत होते. मग बाईंना म्हणाले, "गच्च झाली, बाई. खालून मोकळी पायजे. या बाजूनं पाह्यलं तर त्या बाजूचं दिसलं पायजे."

"रोवणा होऊ द्या, इसरूभाऊ. मंग कापू."

रोवणा झाला, मग निंदण आलं, मग धानकापणी आली. बाई दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत आणि उरलेला वेळ वाडीत. केळीचा खालचा गुंता काढायचा राहून गेला. मला आणि करिश्माला तर तो गुंता दिसलाच नाही. आम्हाला ते सुंदर दिसत होतं.

दिवाळीच्या आसपास गावातली दोन कुत्री नाहीशी झाली. मग एक बकरी. बिबट आहे असं बोलणं सुरू झालं, पण आमच्या भागात ते बोलणं बारा महिने असतंच.

कार्तिकातल्या एका सकाळी, चांगलं उजाडलेलं असताना, अन्नपूर्णा धोप्याची पानं तोडायला वाडीत गेली. वड्या करायच्या होत्या. वच्छलाबाई बोरिंगवर घडा भरत होत्या. मधे चाळीसेक पावलांचं अंतर. त्यांना आधी केळीची पानं हललेली दिसली, मग अन्नपूर्णाचा आवाज आला. केळीच्या गोलातून निघालेला बिबट तिच्या पाठीवर होता. बाई भरलेला घडा तसाच हातात धरून धावल्या. काय ओरडल्या ते त्यांना आठवत नाही. त्यांनी घडा फेकला, तो बिबटाला लागला की नुसता फुटला हेही त्यांना ठाऊक नाही. बिबट खाली उतरला, क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि कुंपणावरून उडी मारून शेताकडे निघून गेला.

अन्नपूर्णा वाचली. मानेवर दात लागले नव्हते, पण डाव्या खांद्यापासून पाठीपर्यंत कातडी नखांनी उघडली होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला ठेवलं. मी ड्युटी संपवून तिथं पोचलो तेव्हा वच्छलाबाई वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगड्यावर रक्त वाळलेलं होतं. मी चहा आणला, त्यांनी कप हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"जंगलात नको जाऊ म्हनून मीच तिले इथी आणलं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "तुमच्यामुळे ती वाचली, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अशा वेळी माणूस जे बोलतो ते आपल्या सोयीचं असतं, हे मला तिथंच कळलं.

तीन दिवसांनी ग्रामसभा झाली. वनखात्यानं वाडीजवळ पिंजरा लावला होता आणि गावालगतची दाट झाडी कमी करा असं सांगितलं होतं. सभेत लोक चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं चुकीचं नव्हतं. एक जण म्हणाला, जेसीबी आणा आणि सगळं सपाट करा. दुसरा म्हणाला, हे बाहेरचे लोक येतात, झाडं लावतात, फोटो काढतात अन् जातात. मी मान खाली घातली. करिश्मा उभी राहिली. वाडी तोडायची गरज नाही, खालचा भाग साफ केला आणि कुंपणाला जाळी लावली तर पुरे होईल, तीन वर्षांची माती आहे, ती एका दिवसात जाईल, असं ती सांगत राहिली.

गुणवंतरावांनी वच्छलाबाईंना विचारलं, "बाई, तुमी सांगा. वाडी तुमची हाय."

बाई बसूनच बोलल्या. "मशीन नको. मशीन मातीचा नास करते. मी माह्या हातानं कापतो. गुडघ्याच्या वर काई ठेवत नाई."

"सगळंच कापणार, बाई?" करिश्मानं विचारलं.

"गुडघ्याच्या वर सगळं."

सभा संपल्यावर करिश्मा त्यांच्यामागे गेली. मी थोड्या अंतरावर होतो, मला ऐकू येत होतं.

"बाई, घाई करू नका. मुंगना आणि पपई राहू द्या. तो केळीत लपला होता, पपईत नाही. मी वनखात्याच्या वरच्या लोकांशी बोलते."

"तू बोलशीन, पोरी. तुह्यावर माहा राग नाई." बाई थांबल्या. "पण उद्या कोनी बाई भाजीले आली अन् तिले वाटलं का आत काई हाय, तं थे भाजी मले नको. भेवानं खाल्लेली भाजी अंगी लागत नाई."

"इतकी मेहनत..."

"मेहनत मी केली हाय ना? मंग मले म्हनू दे."

करिश्मा रडायला लागली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिची समजूत काढत बसल्या नाहीत. तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

रविवारी कापणी सुरू झाली. जी माणसं पहिल्या वर्षी लावायला आली होती त्यांतली काही कापायला आली, त्यात कधीच गळून गेलेले दोघेही होते. केळीचं खोड कोयत्यानं कापलं की पाण्याची चिळकांडी उडते आणि कपड्यावर डाग पडतो. दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांचे कपडे काळपट झाले. पपईची झाडं फळांनी लदबदलेली होती, कच्ची फळं गावात वाटली. मुंगन्याच्या फांद्या बकऱ्यांना गेल्या. इसरूभाऊंनी कुड्याचं झाड स्वतः कापलं, कापण्याआधी खोडाला हात लावून तसंच काहीतरी पुटपुटले.

वच्छलाबाई सगळ्यांत पुढे होत्या. केळीचा गोल त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक खोड पाडायचं, त्याचे तुकडे करायचे आणि चरात अंथरायचे. आठव्या की नवव्या खोडापाशी त्यांनी कोयता खाली ठेवला आणि जमिनीवर बसल्या. मला वाटलं पाणी हवं असेल. मी बाटली नेली. त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दोन्ही हात मांडीवर पालथे पडलेले. अर्धा तास तरी त्या तशाच बसल्या असतील. आम्ही सगळे आजूबाजूला काम करत राहिलो आणि कुणीही त्यांना उठा म्हणालं नाही.

मग त्या जमिनीला हात टेकून उठल्या आणि कोयता घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सुटी काढून थांबलो. संध्याकाळी काम संपलं तेव्हा कुंपणाच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापलीकडची बांधी दिसत होती. मधे गुडघ्याएवढी हिरवळ. तरोटा, केना, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. केळीच्या बुडाला फुटलेली पिलं बाईंनी फेकली नव्हती, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती. दर घरी एक पिलू, मुंगन्याची एक फांदी, पपईचं एक रोप. सांदवाडीत म्हणजे घराच्या मागच्या अंगणात, भिंतीला धरून, सांडपाण्याच्या जागी लावायचं. एका घरी एकच, दोन नाही. दाटी होऊ द्यायची नाही. हे त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं होतं. करिश्मानं नंतर गावाचा नकाशा काढून त्यावर घराघरांतली झाडं मांडली आणि म्हणाली की सगळं गाव मिळून आता एक वाडी आहे. बाईंनी तो नकाशा पाहिला आणि घडी घालून परत दिला.

बिबट पिंजऱ्यात सापडला नाही. पुन्हा आलाही नाही, किंवा आला असेल तर कुणाला दिसला नाही.

वाडी आहे, पण पूर्वीसारखी नाही. वरची सावली गेल्यामुळे उन्हाळ्यात जमीन लवकर सुकते, तणीस दुप्पट लागते. भाजी आधीच्या निम्मी होते. पुढच्या पावसाळ्यात काही बाया पुन्हा जंगलात जाऊ लागल्या, दहा-बारा जणी मिळून, इसरूभाऊंना पुढे घालून, डबे वाजवत. वच्छलाबाईंनी त्यांना अडवलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पुरत नाई तं कशी अडवू?" घराघरांत लावलेल्या रोपांतली बरीच बकऱ्यांनी खाल्ली, काही जगली. कुणाच्या सांदवाडीत केळीला घड आला की ती बाई वच्छलाबाईंना बोलावून दाखवते. त्या जातात, बघतात, कुठली पानं काढायची ते सांगतात आणि परत येतात. खूश होतात का, हे मला चेहऱ्यावरून कळत नाही.

अन्नपूर्णा दोन महिन्यांनी बरी झाली. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. ती वाडीत पाय ठेवणार नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी गेलो होतो त्या एका रविवारी ती कुंपणाच्या दारात उभी होती, कचऱ्याचं टोपलं उजव्या हातानं कमरेवर धरून. वच्छलाबाई आत निंदण काढत होत्या.

"मामी, येऊ का आत?"

"कोनी रोकलं तुले?"

ती दोन पावलं आली, थांबली, आरपार पाहिलं. मग येऊन बाईंच्या शेजारी बसली आणि एका हातानं तण उपटू लागली. बाईंनी आपलं पोतं थोडं तिच्याकडे सरकवलं. नंतर अन्नपूर्णानं वांग्यावरच्या किडीबद्दल काहीतरी विचारलं आणि बाई राख टाकायची कशी ते सांगू लागल्या.

गेल्या फाल्गुनात धनराजभाऊंचा फोन आला, कंबर धरली आहे, उठता येत नाही. बाईंनी आठ दिवसांसाठी गडचांदूरला जायचं ठरवलं. वाडी सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच गावाबाहेर राहायला निघाल्या होत्या. मी रविवारी तिथंच होतो, म्हणालो चंद्रपूरपर्यंत मोटारसायकलवर सोडतो, पुढची बस तिथून मिळेल. निघताना त्या अन्नपूर्णाला सूचना देत होत्या. पाणी सकाळीच दे, तिसऱ्या चरातली तणीस वर कर, भेदरं पिकली का लगेच तोड. अन्नपूर्णा म्हणाली, "मामी, तुमी जा ना आता. मले माईत हाय सगळं."

बाई मागे बसल्या, पिशवी मांडीवर. गावाबाहेर पडेपर्यंत त्या मान वळवून मागे बघत होत्या, तेवढं मला आरशात दिसलं. मूल गावाच्या पुढं रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना पळस फुललेला होता. मी काहीतरी बोलत होतो, कंपनीतल्या नव्या ठेकेदाराबद्दल. उत्तर येईना. मग माझ्या पाठीवर वजन आलं. बाईंचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं, आणि त्या झोपल्या होत्या. एक हात पिशवीवर होता, दुसऱ्या हातानं माझ्या शर्टाचं टोक धरलेलं.

मी गाडीचा वेग कमी केला. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेले, जाऊ दिले. चंद्रपूर यायला त्या दिवशी दीड तासाऐवजी अडीच तास लागले.